हौशातला तडा

आबांनी काठी आपटली. भिंतीपासून दोन हात लांब काँक्रीट ‘ठक्’ वाजलं. मग ते काठी आपटत आपटत भिंतीकडे सरकले आणि अगदी कडेला आल्यावर आवाज बदलला. ‘ढब्’. रिकामा माठ वाजावा तसा.

“खाली काई न्हाई,” ते म्हणाले. “ही फरशी अधांतरी हाय, सूनबाई.”

आम्ही राहतो ती मोहम्मद बिन झायेद सिटी, पण पत्ता सांगताना सगळे मुसफ्फाच म्हणतात. रस्ता ओलांडला की गॅरेजं, लोखंडाची गोदामं, काँक्रीटचे प्लांट. एका व्हिलात पाच कुटुंबं वाटून राहतो. घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या अंगणाला इथे ‘हौश’ म्हणतात. आमच्या हौशात घराला लागून चार फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा आहे. तो भिंतीच्या बाजूने खचला, आणि भिंतीशी समांतर नऊ मीटर लांब तडा गेला. तड्याची एक बाजू इतकी खाली गेली आहे, की तिथे एक दिरहमचं नाणं उभं केलं तर वर त्याची नुसती कडा दिसते. माझा तीन वर्षांचा मुलगा त्या कडेला अडखळून दोनदा पडला. दुसऱ्यांदा हनुवटीला टाके पडले. घरमालकाचा माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला, भेगा बुजवून वरून दोन इंच नवं काँक्रीट ओतू, एका दिवसाचं काम.

मला ते पटत नव्हतं, पण का पटत नाही ते सांगता येत नव्हतं. गेल्या दिवाळीत आबा, म्हणजे माझे सासरे, ज्वारीची पेरणी उरकून बार्शी तालुक्यातून आमच्याकडे आले होते. तरुणपणी त्यांनी पंधरा वर्षं गवंडीकाम केलंय. आणि शेजारच्या पोर्शनमध्ये चाचा राहतात. मूळचे खेडचे, मुसफ्फात तेवीस वर्षं फोरमन. एका रविवारी सकाळी दोघांना चहाला बसवलं आणि म्हटलं, तुम्हीच सांगा, हे का झालं?

आबांनी कप खाली ठेवला. “भावकीतलं भांडण आन भितीकडंचा भराव, दोन्ही आत दडल्यालं असतं. पाया खांदताना खड्डा भितीपरीस रुंद खांदावाच लागतो, माणूस उभं राहून काम करणार म्हणल्यावर. भित वर आली की बाजूची पोकळी भरायची. कशानं भरत्यात? म्होरं जे पडलंय त्यानं. गिलाव्याची ढेकळं, सिमेटाच्या गोण्या, फळकुटं. वरून माती लोटली की झालं. मी डोळ्यानं बगितलंय.”

“आणि घर खचत नाही, कारण घर त्याच्या खालच्या घट्ट जमिनीवर उभं आहे,” मी म्हटलं.

“हां. घर जाग्यावर. भराव बसतो. फरशी भरावावर. मंग ती भितीकडं झुकती. बांधताना उतार बाहीर दिल्याला, आता झाला आत. पाऊस पडला की पाणी भितीकडं, भरावात मुरलं, भराव आजून बसला. वळचणीचं पाणी आड्याला म्हणत्यात ना, तशातली गत.”

चाचा ऐकत होते. आबांचं बोलणं त्यांना अमान्य नव्हतं, पण ते उठले आणि आम्हाला फाटकाजवळ घेऊन गेले. तिथे खजुराच्या झाडाभोवती काँक्रीट बशीसारखं खोल गेलंय.

“आबा, इथे भिंत कुठे आहे? पायाचा खड्डा कुठे आहे?”

आबांनी इकडेतिकडे पाहिलं. “वायरीची चारी खांदली आसंल.”

“चारी तिकडून गेली, त्या झाकणाच्या रेषेत. तिथे काँक्रीट सपाट आहे. बसलंय ते झाडाभोवती, आणि झाडाला रोज ठिबकचं पाणी आहे.” चाचांनी कडेच्या फटीतून चिमूटभर माती उचलली आणि आबांच्या तळहातावर ठेवली. “चाखून बघा.”

आबांनी जिभेला लावली आणि थुंकले. “मीठ हाय की रं हे!”

“मीठच आहे. तुमच्या भिंतीकडचा भराव लोक वाईट भरतात, खरं. पण इथे भराव चांगला भरला तरी मूळची जमीनच पाण्यात विरघळणारी आहे. मी म्हणतो, दोष माणसाचा नंतर, आधी जमिनीचा.”

इथून पुढे दोघांचं खरं वाजलं, पण त्याआधी चाचांच्या जमिनीविषयी थोडं सांगायला हवं. अबू धाबीच्या किनाऱ्याची ही खारट सपाटी म्हणजे ‘सबखा’. दिसायला निरुपद्रवी, घट्ट, जवळजवळ आरशासारखी सपाट. खारं पाणी वरून हात-दोन हातांवर असतं, समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं ते मातीच्या कणांमधून वर चढतं, उन्हाने वाफ होऊन जातं, आणि मीठ व जिप्सम मागे ठेवतं. वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात ते या क्षारांच्या जोरावर. लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे भूवैज्ञानिक साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथे आले आणि 1963 साली त्यांनी जगाला सांगितलं, की अनहायड्राइट नावाचं खनिज, जे तोवर जुन्या खडकांतच ओळखीचं होतं, ते या किनाऱ्यावर आजही तयार होतंय. तेव्हापासून सबखा हा अरबी शब्द भूशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतला शब्द झाला. मुसफ्फाचा जो कालवा खोदला, त्याच्या कडेला हे थर उघडे पडले आहेत. गेल्या सुमारे सात हजार वर्षांत समुद्र आत आला, मग किनारा पुढे सरकला, त्याची वही तिथे उलगडून ठेवल्यासारखी. ज्या कालव्यावरून आम्ही रोज जातो, त्याची कड वाचायला लोक परदेशातून येतात, हे मला इथे दहा वर्षं राहूनही माहीत नव्हतं. अनहायड्राइटला पाणी मिळालं की त्याचं जिप्सम होतं आणि आकारमान साठ टक्क्यांहून जास्त फुगतं. म्हणजे एकाच जमिनीत मीठ विरघळून खचणंही आहे आणि फुगणंही.

“फुगण्याचं आमाला सांगू नका,” आबा म्हणाले. त्यांचा सूर जरा चढला होता. “आमची काळी जिमीन बगा. पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात भेगाळती. वैशाखात रानात हात घातला तर कोपरापातूर आत जातो. तरी बार्शीत घरं हायेत का न्हाईत? शंभर वर्षांची हायेत. का? तर मानसं जिमिनीचं ऐकून बांधत्यात. वरची काळी दोन-तीन हात काढायची, मुरूम भरायचा, थरावर थर, पाणी मारायचं, धुम्मस करायची. वळचणीचं पाणी दगडी पन्हाळीनं लांब न्यायचं. जोत्याला पाणी शिवू द्यायचं न्हाई. जिमिनीला बोल लावला की मानूस सुटतो. ते मला पटत न्हाई.”

हे म्हणताना त्यांचा हात थरथरत होता. एखाद्या गवंड्याची घरं पन्नास वर्षं उभी असतात, तेव्हा त्याला ‘जमीनच वाईट’ हे कारण चालत नाही. मला त्यांचा अभिमान वाटला. काळ्या मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली गाठ असलेल्या पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, विकसित केल्या, त्यामागेही हाच हट्ट आहे: जमीन हलणारी आहे हे मान्य करायचं, आणि न हलणाऱ्या खोलीवर पाय रोवायचा. पण घराभोवतीच्या चार फुटी पट्ट्यासाठी पाइल कोण टाकतो? तो पट्टा बिचारा उघड्यावर पडतो. घराचा हिशेब होतो, अंगणाचा होत नाही.

चाचांनी आवाज चढवला नाही. “आबा, तुमच्याकडे काळी काढून मुरूम भरला की मुरूम मुरूमच राहतो. आमच्या खेडकडे तर जांभा, त्याला फुगणं ठाऊक नाही. इथे आम्ही खारी माती काढून बिनखारी वाळू भरतो, तिला स्वीट सँड म्हणतात. आतल्या वाळवंटातल्या टेकड्यांची असते. पण खालचं खारं पाणी वर चढतं आणि ती गोडी वाळू पुन्हा खारी करतं.”

“मंग मदी जाड खडीचा थर टाका. खडीतनं पाणी वर चढत न्हाई.”

“टाकतात. मोठ्या इमारतीखाली टाकतात, वर जाड पॉलिथिन अंथरतात, सल्फेटला टिकणारं सिमेंट वापरतात, दर थराची घनता मोजतात. प्रयोगशाळेत माती जितकी घट्ट बसते त्याच्या 95 टक्के जागेवर भरली नाही तर थर उकरायला लावतात. हौशाच्या पट्ट्याला यातलं काय मिळतं?”

आबा गप्प झाले. मग म्हणाले, “मंग दोष मानसाचाच की.”

यावर चाचा हसले नाहीत, मानही हलवली नाही. काही वेळ कोणीच बोललं नाही.

त्या घनतेच्या मोजणीचा नियम प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरने कॅलिफोर्नियातल्या मातीच्या धरणांवर काम करताना 1933 साली मांडला. माती अगदी कोरडी असली तर कण सरकत नाहीत, फार ओली असली तर पाणीच जागा अडवतं. मधल्या एका ओलाव्याला ती सगळ्यांत घट्ट बसते. आबांना नाव माहीत नाही, पण परीक्षा माहीत आहे. दुपारी त्यांनी भिंतीजवळचा एक फुटलेला तुकडा पहारीने उचलला. खाली वीतभर पोकळी होती, तिच्या तळाला भुरभुरीत वाळू, एक गंजलेला पत्र्याचा डबा आणि फळीचा तुकडा. आबांनी वाळूवर थोडं पाणी शिंपडलं, मूठभर घेऊन आवळली, मूठ उघडली. गोळा राहिला. अंगठ्याने दाबला तर दोन तुकडे झाले, भुगा झाला नाही. “आशी ओल पायजे,” ते म्हणाले. “ही वाळू दाबून बसली आसती. दाबलीच न्हाई.”

चाचा त्याच पोकळीत वाकून वेगळंच बघत होते. भिंतीवरून एसीच्या पाण्याची पांढरी नळी खाली येते आणि काँक्रीटच्या कडेशी संपते. वर दोन एसी, नळी एक. जिथे थेंब पडतो त्याच्या बरोबर खाली पोकळी सगळ्यांत खोल होती.

त्या रात्री मी नळीखाली बादली ठेवली. नोव्हेंबर होता, तरी सकाळी पाऊण बादली भरली होती. मापून पाहिलं, अकरा लिटर. हे पाणी म्हणजे हवेतल्या वाफेचं थंड होऊन झालेलं पाणी. त्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून ते क्षार ओढून घेतं. साध्या मिठाचा हिशेब केला तर लिटरमागे साडेतीनशे ग्रॅमपर्यंत विरघळतं. म्हणजे अकरा लिटरला पावणेचार किलोच्या वर. जिप्सम मात्र लिटरला दोन-अडीच ग्रॅमच. प्रत्यक्षात पाण्याला इतकं मीठ कधीच भेटत नाही, पण एका रात्रीचं नसतं ना हे. इथे एसी वर्षातले आठ-नऊ महिने चालतो, आणि या व्हिलाला सोळा वर्षं झाली आहेत.

आता कोणाचं खरं? पत्र्याचा डबा आबांच्या बाजूने बोलत होता, नळी चाचांच्या.

हौशाच्या मधल्या भागात बारीक, जाळीसारख्या भेगाही आहेत. त्यांचं मात्र दोघांनी पाच मिनिटांत एकमताने उरकलं. त्यांच्यावरून नख फिरवलं तर दोन्ही बाजू एका पातळीत लागतात, म्हणजे जमीन हललेली नाही. काँक्रीट पातळ करायला जास्त पाणी घातलं, वर गोणपाट ओलं ठेवलं नाही, उन्हाने वरचा थर आधी वाळून आकसला. चार इंची काँक्रीटला आठ-दहा फुटांवर सांधा कापायला हवा, तोही पहिल्या दिवसातच, म्हणजे आकसताना ते सांगितल्या जागी फाटतं. आमच्याकडे नऊ मीटरमध्ये एकही सांधा नाही. नख अडलं तर जमिनीचं दुखणं, नाही अडलं तर काँक्रीटचं. एवढं कळलं तरी घरमालकाशी बोलताना माणूस गोंधळत नाही.

दोन इंच काँक्रीट वरून ओतायच्या बेतावरही दोघे एकाच सुरात बोलले. मी हिशेब केला. दोन इंच काँक्रीट चौरस मीटरला साधारण 120 किलो. आमच्या पट्ट्यावर तेराशे किलो. पोकळीवर टेकलेल्या फरशीवर तेराशे किलो आणखी! आणि खालचा तडा नव्या पातळ थरातून त्याच रेषेत वर येणारच. “म्हाताऱ्याच्या डोक्यावर गाठोडं ठिवल्यासारखं हाय ते,” आबा म्हणाले. मुलाच्या हनुवटीचे टाके मी विसरलेले नाही. खालून न बघता वरून झाकलेल्या दुरुस्तीला मी दुरुस्ती म्हणणार नाही. त्यावरून लहान मुलं धावणार असतात.

मग करायचं काय? इथे पुन्हा फाटलं.

आबांचं म्हणणं, सगळा पट्टा फोडा. दोन हात खोल खणा, कचरा काढा, वीतवीतभर थर टाकत धुम्मस करा, खाली खडी, वर उतार बाहेरच्या बाजूला, आणि पुन्हा काँक्रीट. भिंतीशी जोडायचं नाही, मध्ये फट ठेवायची, म्हणजे काही झालं तरी भिंतीला ओढ नको. “एकदा करा, पण आसं करा की नातवाच्या नातवानं बगावं.”

चाचांनी मान हलवली. “काँक्रीट नकोच. इंटरलॉक टाका.” इंटरलॉक म्हणजे एकमेकांत अडकणारे काँक्रीटचे ठोकळे. या देशातले फुटपाथ आणि निम्मे हौश त्यांचेच आहेत. “खाली वाळू, वर ठोकळे. बसले तर दोन माणसं एका सकाळी उचलतात, वाळू भरतात, परत लावतात. ज्या जमिनीवर विश्वास नाही, तिच्यावर अख्खी पाटी ओतायची नाही.”

“आन ठोकळ्यांच्या फटीतनं पाणी खाली जाईल त्याचं?” आबांनी विचारलं. “तुमीच म्हणता पाणी लागलं की जिमीन इरगळती. मंग फटी ठिवून तिला पाणी पाजता व्हय?”

हा प्रश्न चाचांना लागला. ते बराच वेळ ठोकळ्यांच्या उताराचं, कडेच्या नालीचं बोलत राहिले. पाऊस इथे वर्षाला शंभर मिलिमीटरही पडत नाही, असं म्हणाले. पण मला 16 एप्रिल 2024 आठवत होता. त्या दिवशी अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत 254 मिलिमीटर पाऊस पडला, 1949 पासूनच्या नोंदीतला सर्वांत जास्त. आमच्याकडे तितका नव्हता, पण हौशात दोन दिवस पाणी भिंतीला टेकून उभं होतं. आमचा तडा त्याआधी केसाएवढा होता. पाणी ओसरल्यावर त्यात बोट जायला लागलं. तेव्हा आबांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता.

तरीही मी चाचांच्या बाजूला झुकले. इंटरलॉक जास्त मजबूत आहे म्हणून नाही. ती जमीन उघडून बघता येते म्हणून. सोळा वर्षं त्या काँक्रीटखाली काय चाललंय हे कोणाला दिसलं नाही. एका मुलाला ठेच लागली तेव्हा कळलं. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “उगडून बगायची येळ येऊ नये म्हणून तर नीट भरायचं.” त्यांचं त्यांच्या जागी खरं होतं.

पाण्याबद्दल मात्र थांबायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी चाचांनी मुसफ्फाच्या दुकानातून पाइपचा तुकडा आणि दोन कोपरे आणले आणि एसीची नळी भिंतीपासून लांब, गटाराच्या जाळीपर्यंत नेली. खजुराच्या ठिबकचा वेळ निम्म्यावर आणला. पोकळीवरच्या फरशीवर कोणी पाय देऊ नये म्हणून फळी आडवी लावली. आबांनी भिंतीलगतच्या तड्यावर दोन ठिकाणी आणि खजुराकडच्या फटीवर एका ठिकाणी, दोन्ही बाजूंना एका पातळीत सुताराच्या पेन्सिलीने रेघा मारल्या आणि शेजारी तारीख लिहिली. “रेघ हालली तर जिमीन आजून चालतीय. न्हाई हालली तर थांबली. मालकाला आदी रेघ दाव, मंग पैशाचं बोल.”

आबा डिसेंबरमध्ये परत गेले. मालकाचा निर्णय अजून व्हायचा आहे, पण वरून ओतायचा बेत त्याने सोडला. मी त्याला फोटो दाखवले: डबा, फळकूट, नळी, पाऊण भरलेली बादली.

ऑगस्ट उजाडला, एसी रात्रंदिवस सुरू झाले. आबा दर रविवारी फोन करतात आणि तब्येत विचारायच्या आधी रेघ विचारतात. भिंतीलगतच्या दोन रेघा अजून समोरासमोर आहेत. फाटकाजवळची, खजुराकडची, साधारण दोऱ्याच्या जाडीएवढी सरकली आहे. चाचा म्हणाले, बघा, नळी हलवली तिथे थांबलं, झाडाला पाणी आहे तिथे चालूच आहे. आबा फोनवर म्हणाले, “त्या झाडाखाली कायतरी पुरल्यालं आसंल, उकरून बगा.”

येत्या रविवारी उकरणार आहोत.